फ्लायबायवायरचं ए३२० यादीत दिसतच नाही (फोल्डर बरोबर टाकलाय, तरीही)

मिरजेची_आत्या

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतीच वाचते आहे, लिहायची पहिलीच वेळ. थोडक्यात लिहायला बसले होते, जमलं नाही. सांभाळून घ्या.

मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. वय सत्तेचाळीस. खऱ्या विमानात एकदाच बसले आहे, तेही मधल्या सीटवर. भाचा (दादाचा मुलगा) इंजिनिअरिंगला गेला तेव्हा "आत्या, होस्टेलवर जागा नाही, तुझ्याकडेच राहू दे" म्हणून आपला डेस्कटॉप आणि जॉयस्टिक माझ्या हवाली करून गेला. त्यात मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० होतं, मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेतलेलं. जाण्याआधी आठ दिवस त्याने मला सेसना १७२ शिकवलं. आता रात्री भांडी आवरली की तास-दीड तास उडते. घरचे हसायचे, आता हसत नाहीत.

मला पुण्याहून नागपूरला जायचंय. बहीण नागपूरला असते. आमची महाराष्ट्र एक्सप्रेस मिरजेत दुपारी पकडली की नागपूर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येतं, ते अंग मोडून निघणं मी वीस वर्षं केलंय. सेसनाने एकदा प्रयत्न केला, जालन्याच्या पुढे कुठेतरी झोप लागली. म्हणून एअरबस. भाचा म्हणाला, गेममधलं मूळचं ए३२० नको, फ्लायबायवायर नावाच्या गटाने बनवलेलं ए३२एनएक्स टाक, फुकट आहे आणि खऱ्याच्या जवळ जातं. दिवाळीत आला तेव्हा पेनड्राइव्हवर घेऊन आला. स्वतः टाकून देणार होता, पण भाऊबीजेची गडबड, राहून गेलं.

मी काय काय केलं ते वहीतून उतरवते. (लॅबची सवय, वही असतेच.)

पेनड्राइव्हवर "आत्यासाठी" नावाचा फोल्डर आहे. त्यात फ्लायबायवायर-एअरक्राफ्ट-ए३२०-निओ असा फोल्डर. भाच्याने फोनवर पत्ता सांगितला: सी ड्राइव्ह, युजर्स, आपलं नाव, ॲपडेटा, लोकल, पॅकेजेस, मग मायक्रोसॉफ्ट डॉट फ्लाइटसिम्युलेटर आणि पुढे अगम्य अक्षरं असलेला फोल्डर, त्यात लोकलकॅश, त्यात पॅकेजेस, त्यात कम्युनिटी. ॲपडेटा दिसतच नव्हता, लपलेल्या गोष्टी दाखवायची टिक केली, दिसला. लोकलकॅशपर्यंत पोचले. पुढचे पॅकेजेस आणि कम्युनिटी हे दोन फोल्डर तिथे नव्हतेच, मग मीच नवीन बनवले. स्पेलिंग भाच्याकडून फोनवर अक्षर-अक्षर लिहून घेतलं. आणि त्यात अख्खा "आत्यासाठी" फोल्डर टाकला.

गेम चालू केला. यादीत विमान नाही. गेम बंद करून चालू केला, नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, नाही. आणखी एकदा कॉपी करून टाकलं, आता तिथे दोन आहेत, तरी नाही. एरर काहीच येत नाही. एरर आला असता तर बरं झालं असतं, निदान धरायला शेपूट तरी मिळालं असतं.

भाचा म्हणतो, "माझ्याकडे तर याच पत्त्यावर चालतं." त्याने आता होस्टेलवर लॅपटॉप घेतलाय, त्यात त्याचं उडतंय. परीक्षा चालू आहे म्हणून त्याला फार पिडत नाही. कुणी सांगाल का, काय चुकतंय?

---

टिल्लू_टर्ब्युलन्स

गेम काढून टाका, परत इन्स्टॉल करा. माझं असंच झालेलं. विषय संपला.

---

लोहगाव_दहा_अठ्ठावीस

टिल्लूशेठ, शंभर जीबीच्या वर डाउनलोड आहे ते. बाईंचं नेट काय आहे हे तरी विचारायचं. नळ गळतो म्हणून घर पाडायला सांगताय.

आत्या (तुमच्या नावातच आहे म्हणून म्हणतो, चालेल ना?), तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, आणि ते तुम्ही वहीत लिहिलंय म्हणून सापडलं. नव्वद टक्के लोक "सगळं बरोबर केलं, चालत नाही" एवढंच लिहितात.

"पॅकेजेस आणि कम्युनिटी तिथे नव्हतेच, मग मीच बनवले." मेख इथे आहे. कम्युनिटी फोल्डर आपण बनवायचा नसतो. गेम पहिल्यांदा बसवतानाच सगळा माल कुठे ठेवायचा ते विचारतो, आणि सांगाल तिथे तो दोन फोल्डर स्वतःच करतो: एक ऑफिशियल, त्यात त्याचा स्वतःचा माल, आणि शेजारी कम्युनिटी, बाहेरच्या पाहुण्यांसाठी. तुमच्या सी ड्राइव्हवर हे दोन्ही नाहीत याचा अर्थ तुमच्या भाच्याने तो माल दुसरीकडे ठेवला. पैज लावतो, सी ड्राइव्ह छोटी एसएसडी आहे आणि डी मोठी आहे. होस्टेलच्या लॅपटॉपवर मात्र एकच ड्राइव्ह असणार, म्हणून त्याचा पत्ता त्याच्यासाठी खरा आणि तुमच्यासाठी खोटा. पोरगं स्वतः केलेलं विसरलंय.

अंदाजावर जाऊ नका, गेमलाच विचारा. तुम्ही ज्या लोकलकॅशमध्ये पोचलात, तिथेच युजरसीएफजी डॉट ऑप्ट नावाची फाइल आहे. तिच्यावर राइट क्लिक, नोटपॅडने उघडा. आत ग्राफिक्सच्या सेटिंगची लांबलचक जंत्री दिसेल, तिला हात लावू नका. कंट्रोल आणि एंड दाबून थेट तळाला जा. शेवटची ओळ "इन्स्टॉल्ड पॅकेजेस पाथ" अशी सुरू होते आणि पुढे अवतरणचिन्हात एक पत्ता असतो. तोच खरा पत्ता. गेम फक्त त्याच पत्त्यावरच्या कम्युनिटीत बघतो. तुम्ही सी ड्राइव्हवर हजार विमानं ठेवलीत तरी त्याला कळणार नाही. (स्टीमवरून घेतलेल्यांसाठी: हीच फाइल ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर इथे. आणि ज्यांनी २०२४ घेतलंय त्यांनी इथलं आंधळेपणाने करू नये. त्याचा कम्युनिटी वेगळा आहे, आणि स्टोअरच्या फोल्डरच्या नावात फ्लाइटसिम्युलेटर शब्दच नाही, "लिमिटलेस" आहे. मी स्वतः अर्धा तास शोधत बसलो होतो.)

दुसरी चूक, जी पत्ता बरोबर असता तरी नडली असती: तुम्ही "आत्यासाठी" हा फोल्डर अख्खा टाकलात. गेम कम्युनिटीतल्या प्रत्येक फोल्डरचं दार उघडतो आणि उंबऱ्यातच दोन फाइली शोधतो, मॅनिफेस्ट डॉट जेसन आणि लेआउट डॉट जेसन. पहिलीत हे काय आहे, कुणी केलं, कुठली आवृत्ती. दुसरीत आतल्या प्रत्येक फाइलची यादी, आकारासकट. उंबऱ्यात त्या नसल्या तर तो आतल्या खोलीत जात नाही, मुकाट्याने पुढच्या दारी जातो. म्हणून एरर येत नाही. त्याच्या लेखी तिथे काही नव्हतंच. तेव्हा "आत्यासाठी"च्या आतला फ्लायबायवायरवाला फोल्डर तेवढा कम्युनिटीत हवा. झिप उघडताना विंडोज स्वतःच एक जादा फोल्डर गुंडाळतं, तेव्हाही हेच होतं.

तिसरं: पेनड्राइव्हवरची प्रत वापरूच नका, असं माझं मत. ती दिवाळीची आहे, त्यानंतर अपडेट आले असतील, आणि गेम पुढे गेला नि विमान मागे राहिलं की कॉकपिटचे पडदे काळे राहणे वगैरे नाटकं सुरू होतात. फ्लायबायवायरचा स्वतःचा इन्स्टॉलर आहे, तो त्यांच्या साइटवरून घ्या, त्यात स्टेबल निवडा. डेव्हलपमेंट नको, ती ज्यांना रोज काहीतरी मोडलेलं आवडतं त्यांच्यासाठी आहे. त्याच्या सेटिंगमध्ये कम्युनिटीचा पत्ता दिसतो, तो युजरसीएफजीतल्याशी जुळतोय का बघा, मगच इन्स्टॉल दाबा. आधी तुम्ही बनवलेले दोन फोल्डर आणि त्यातल्या दोन्ही प्रती काढून टाका. एकच विमान दोनदा ठेवणं खऱ्या कम्युनिटीतही कधी करू नका, तिथे ते एकमेकांच्या उरावर बसतात.

पहिल्यांदा विमान उघडताना लोडिंगची पट्टी एका जागी अडकल्यासारखी वाटेल. विमानातले प्रोग्राम तेव्हा तुमच्या मशीनसाठी बांधले जातात, एकदाच. चहा टाका. टास्क मॅनेजर उघडून मारू नका.

---

मिरजेची_आत्या

लोहगावकर, आत्या चालेल. पैज तुम्ही जिंकलात.

शेवटची ओळ: डी, कोलन, एमएसएफएस (म्हणजे डी ड्राइव्हवरचा फोल्डर). मी ती ओळ तीन वेळा वाचली. आमच्याकडे रिपोर्ट विचित्र आला की आधी मशीनला शिव्या घालतात, आणि निघतं काय, तर ट्यूबवरचं लेबल शेजारच्या पेशंटचं. हे तसलंच. भाच्याला ओळीचा फोटो पाठवला, त्याचं उत्तर: "ओह." एवढंच.

इन्स्टॉलरने डीचा पत्ता आपणहून ओळखला. डाउनलोड रात्री लावून झोपले. सकाळी ड्यूटीला जाण्याआधी उघडून बघितलं तर यादीत आहे! पट्टी खरंच अडकली. चहा झाला, वरण फोडणीला पडलं, मग कॉकपिट आलं. हे मूळच्या एअरबसपेक्षा वेगळंच प्रकरण आहे हो. प्रत्येक बटण खरंच काहीतरी करतं, म्हणजे चुकीचं दाबलं की चुकीचं होतं.

आता दुसरा घोळ, नवीन धागा काढू की इथेच? इथेच लिहिते.

रविवारी भाच्याने व्हिडिओ कॉलवर एमसीडीयू (विमानाला मार्ग सांगायचा कॉकपिटातला कॉम्प्युटर) भरून घेतलं, पुणे (कोड व्हीएपीओ) ते नागपूर (व्हीएएनपी). रनवे १०. थ्रॉटल (इंजिनाच्या जोराचा दांडा) पूर्ण पुढे, उडालं, चाकं वर, ऑटोपायलट लावला. सगळं छान. उंची ३,४०० च्या आसपास गेली आणि समोरच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात पांढरी अक्षरं लुकलुकायला लागली: एलव्हीआर सीएलबी. थांबेचनात. थ्रॉटल तसाच ठेवला तर विमान सुसाट, सपाट झाल्यावर घंटी वाजायला लागली, लाल पट्टी. थ्रॉटल मागे घेतला तर अक्षरं क्षणभर जातात, हात काढला की परत. आणखी मागे घेतला तर वेगच पडला. शेवटी दौंडच्या आसपास मी पॉज करून झोपायला गेले. हे मोड (बाहेरून टाकलेलं विमान) बिघडलंय का? परत इन्स्टॉल करू?

जॉयस्टिक साधीच आहे, बुडाशी डाव्या बाजूला छोटी सरकपट्टी, तोच थ्रॉटल.

---

टिल्लू_टर्ब्युलन्स

आता मात्र मी काही सांगत नाही.

---

ओझरचे_आजोबा

सांगा हो टिल्लू, पहिला धडा सगळेच असा घेतात.

मला यातली थ्रॉटलची भानगड माहीत नाही, मी अजून जुन्या घोड्यावर आहे. पण फोल्डरची कथा वाचून राहवलं नाही. आमचं एफएसएक्स (मायक्रोसॉफ्टचंच जुनं सिम्युलेटर), २००६ सालचं. तेव्हा कम्युनिटी-बिम्युनिटी काही नव्हतं. बाहेरून आणलेलं विमान थेट सिमऑब्जेक्ट्स, एअरप्लेन्स यात, गेमच्या स्वतःच्या विमानांच्या मांडीला मांडी लावून. गेज (काटे-तबकड्या) वेगळ्या फोल्डरात, आवाज वेगळ्या, इफेक्ट वेगळ्या. झिपमध्ये एक रीडमी असायची, ती कुणी वाचायचं नाही. मी एकदा कुणाचंतरी सुंदर पॅनेल उतरवलं आणि गेमच्या मूळ सेसनाच्या पॅनेलवर टाकलं. "बदलू का?" विचारलं, मी हो म्हटलं. झालं, सेसनाचे काटे गायब. मूळ प्रत ठेवलेली नाही. डीव्हीडी शोधून पुन्हा सगळं बसवलं, आणि डीव्हीडी भाऊजींकडे होती, ते मालेगावला.

आणि रंग! नवीन रंग चढवायचा तर एअरक्राफ्ट डॉट सीएफजी उघडून हाताने नवा परिच्छेद लिहायचा, एफएलटीसिम डॉट शून्य, डॉट एक, डॉट दोन. नंबर सलग हवेत. मी दोन रंगांना एकच नंबर, तीन, दिला होता. एक दिसायचा, एक नाही. तीन रविवार गेले त्यात. ताईंसारखी वही असती तर एका रविवारात भागलं असतं.

आता पाहुण्यांचा फोल्डर वेगळा, घरच्यांचा वेगळा. काही बिघडलं तर पाहुण्यांना बाहेर काढा, घर शाबूत. याची किंमत तुम्हा पोरांना कळायची नाही.

---

लोहगाव_दहा_अठ्ठावीस

आजोबा, तो पॅनेलचा किस्सा तिसऱ्यांदा, पण दर वेळी भाऊजी वेगळ्या गावाला असतात.

आत्या, काहीही बिघडलेलं नाही. परत इन्स्टॉल अजिबात नको. तुमचं विमान खऱ्या एअरबससारखं वागतंय आणि तुमची जॉयस्टिक खऱ्या एअरबससारखी नाही, एवढंच.

बोइंगमध्ये ऑटोथ्रॉटल लिव्हर स्वतः हलवतो. एअरबसमध्ये लिव्हर हलत नाहीत. त्यांना खाचा आहेत, लिव्हर खटकन् बसतो: मागे आयडल, मग सीएल म्हणजे क्लाइंब, मग फ्लेक्स (उडताना पुरेल इतका, थोडा कमी जोर), आणि सगळ्यात पुढे टोगा (पूर्ण जोर). पायलट उडताना टोगा किंवा फ्लेक्सला लावतो, आणि ठरलेल्या उंचीला एक-दोन खटके मागे घेऊन सीएलच्या खाचेत ठेवून देतो. तिथे ठेवला की मगच इंजिनाची शक्ती कॉम्प्युटरच्या ताब्यात जाते, आणि बहुतेक वेळा उतरेपर्यंत लिव्हर तिथेच. "एलव्हीआर सीएलबी" लुकलुकतं म्हणजे विमान म्हणतंय, बाई, लिव्हर क्लाइंबला आणा, मी खोळंबलोय.

ठरलेली उंची म्हणजे विमानतळापासून १,५०० फूट, तुम्ही बदलली नसेल तर. पुण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर. बेरीज ३,४४२. तुम्ही वहीत ३,४०० लिहिलंय. बघा, विमान एकदम शुद्धीवर आहे.

गोची अशी की तुमच्या सरकपट्टीला खाचाच नाहीत, सपाट सरकते. क्लाइंबची जागा कुठेतरी मध्ये आहे, आणि ती केसाएवढी अरुंद ठरलेली असली तर हात काढताच पट्टी जराशी हलते आणि खाच सुटते. जुन्या जॉयस्टिकच्या आतला पोटेन्शियोमीटर झिजलेला असतो, तो तर हात न लावताही थरथरतो.

उपाय विमानातच आहे. कॅप्टनच्या डाव्या हाताला टॅबलेट लावलेला दिसेल, तो फ्लायपॅड. चालू करा, सेटिंग्ज, सिम ऑप्शन्स, त्यात थ्रॉटल डीटेंट्सपुढे कॅलिब्रेट. एकेका खाचेचं पान येईल. पट्टी जिथे तुम्हाला आयडल हवा तिथे आणा, "सेट फ्रॉम थ्रॉटल" दाबा. मग क्लाइंब, फ्लेक्स, टोगा. पट्टीला मागे रिव्हर्ससाठी (उतरल्यावर इंजिनाचा जोर उलटा करून थांबायला) जागा नाही, म्हणून "रिव्हर्सर ऑन ॲक्सिस" बंद ठेवा. रिव्हर्सला जॉयस्टिकवरचं एखादं बटण द्या. प्रत्येक खाचेला थोडी रुंदी देता येते, ती क्लाइंबला सढळ हाताने द्या, तिथेच तुमचा सगळा प्रवास जायचाय. फक्त दोन खाचांच्या हद्दी एकमेकींवर चढू देऊ नका, चढल्या तर तो तक्रार करतो. शेवटी सेव्ह करायला विसरू नका. मी विसरलोय, दोनदा.

पट्टी पुढे केली की पडद्यावरचा आकडा उलटा जात असेल, तर आधी गेमच्या कंट्रोल्समध्ये जाऊन त्या पट्टीचा ॲक्सिस उलटा (रिव्हर्स) करा, मग कॅलिब्रेशन. उलट क्रमाने केलंत तर पुन्हा पहिल्यापासून.

---

झिबोभक्त

हे सगळं वाचून आम्ही एक्स-प्लेनवाले (ते दुसरं सिम्युलेटर) शांत झोपतो.

बरं, चेष्टा पुरे. आमच्याकडेही तेच आहे. लॅमिनारच्या (एक्स-प्लेन बनवणाऱ्या कंपनीच्या) मूळ बोइंग ७३७-८०० वर बेतलेलं झिबो हे मोड बसवताना लोक मूळ विमानाच्याच फोल्डरवर टाकतात आणि पुढच्या अपडेटला एक्स-प्लेनचा इन्स्टॉलर सगळं पुसून जागेवर आणतो. वेगळा फोल्डर करा, त्यात टाका. आमच्याकडे एक सोय मात्र चांगली आहे: लॉग डॉट टीएक्सटी. काही कोसळलं की ती उघडायची, शेवटच्या पाच-पंचवीस ओळींत बहुतेक वेळा चोर नावानिशी सापडतो. मॅकवाल्यांनी बाहेरचा प्लगइन उघडत नसेल तर आधी मॅकने त्याला क्वारंटाइनचा शिक्का मारलाय का बघावं. मोड तयार करणाऱ्याला मेल करून शिव्या देऊ नयेत. दिल्या होत्या मी. त्याने फार सभ्यपणे उत्तर दिलं, त्याची जास्त लाज वाटली.

---

सोलापूर_टॉवर

आत्यांचा प्रश्न सुटला असेल तर थोडं घुसतो. माझं विमान दिसतं, पण जागतिक नकाशावर फ्लाय दाबलं की अख्खा गेम डेस्कटॉपवर येऊन पडतो. कम्युनिटीत ३४ वस्तू आहेत, विमानं, विमानतळं, झाडं, सगळं. परत चालू करताना सेफ मोड विचारतो. सेफ मोडमध्ये चालतो, पण मग एकही मोड दिसत नाही.

---

लोहगाव_दहा_अठ्ठावीस

सेफ मोडमध्ये कम्युनिटी वाचलाच जात नाही, म्हणून चालतो. म्हणजे चोर त्या चौतिसांतच आहे, हे तरी ठरलं.

गेम बंद करा. कम्युनिटीचं नाव बदलून "जुनी कम्युनिटी" करा, शेजारी नवा रिकामा कम्युनिटी फोल्डर करा. (आत्यांना वर नको म्हटलं, तुम्हाला करा म्हणतोय. कारण तुम्ही तो खऱ्या जागीच करताय.) सतरा परत टाका, उडवा. पडला तर चोर या सतरात, नाही पडला तर उरलेल्या सतरात. मग त्यांचे अर्धे. जास्तीत जास्त सहा फेऱ्यांत एकटा उरतो. एकेक काढत बसलात तर नशीब खराब असल्यास चौतीस फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला गेम उघडायला लागणारा वेळ तुम्हाला माहीतच आहे. क्वचित दोघं मिळून भांडतात, एकेकटे गुणी असतात. एकाच विमानतळाची दोन सीनरी असेल तर पहिला संशय तिथे.

पुढच्यासाठी ॲडऑन्स लिंकर नावाचं छोटं फुकट साधन आहे. सगळा माल दुसरीकडे ठेवायचा आणि टिक केलेल्यांची फक्त लिंक कम्युनिटीत जाते. सहा फेऱ्या मग सहा टिकांवर येतात.

---

मिरजेची_आत्या

उशीर झाला उत्तराला. लॅबमध्ये डेंग्यूची लाइन लागली होती, घरी येऊन हात उचलत नव्हता.

फ्लायपॅड सापडला. कॅलिब्रेशन केलं, पण खरी अडचण नंतर कळली: पडद्याकडे बघत असताना पट्टी नेमकी कुठे आहे हे हाताला कळत नाही. मग लॅबमधून ट्यूबला लावतो ती बारकी पांढरी लेबलं आणली. पट्टीच्या कडेने चार चिकटवली, न पुसणाऱ्या पेनने ई, क, फ, ट. ई म्हणजे आयडल, इंग्रजी आय लिहिला तर रेघेसारखाच दिसतो. "क" पाशी लेबलाला दुहेरी घडी घातली, म्हणजे बोटाला उंचवटा लागतो. अंधारातही कळतं. भाच्याने फोटो बघून विचारलं, माझ्या जॉयस्टिकला काय केलंस. म्हटलं, खाच.

शनिवारी रात्री निघाले. ३,४४२ ला बघतच होते. अक्षरं आली, बोट उंचवट्यावर, गेली. इंजिनांचा आवाज स्वतःहून खाली आला. इतकं साधं होतं हे. मग मला करायलाच काही उरलं नाही, खाली अंधारात अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) असेल म्हणून बघत बसले. दिवे दिसले, गाव कुठलं ते कळलं नाही.

सरळ अंतर सहाशे किलोमीटर. तासाभरात वर्ध्याच्या अलीकडे खाली उतरायला लागले. नागपूरला रनवे ३२ दिला. वीस फुटांवर विमान "रिटार्ड, रिटार्ड" (म्हणजे थ्रॉटल मागे घ्या) ओरडतं, ते भाच्याने सांगितलं नव्हतं, मला वाटलं मलाच काही म्हणतंय. पट्टी "ई" ला ओढली. आपटलं, पण चाकांवर. रिव्हर्सचं बटण द्यायचं राहिलं होतं, नुसत्या ब्रेकवर थांबले. रनवे ३,२०० मीटर आहे म्हणून निभावलं.

आता शेवटचा त्रास देते. इंडिगोचा रंग उतरवला, लिव्हरी. लोहगावकरांनी सांगितलं तसं उंबऱ्यात दोन्ही जेसन आहेत हे बघितलं, डीच्या कम्युनिटीत टाकला. मूळच्या ए३२० वर रंग दिसतो, फ्लायबायवायरवर दिसत नाही. का?

---

लोहगाव_दहा_अठ्ठावीस

दुहेरी घडी! हे मी चोरतोय.

लिव्हरी मूळच्या विमानासाठी बनवलेली असणार. लिव्हरीच्या फोल्डरात सिमऑब्जेक्ट्स, एअरप्लेन्स, मग तिचा फोल्डर, त्यात एअरक्राफ्ट डॉट सीएफजी. नोटपॅडने उघडा, "बेस कंटेनर" ची ओळ (ही लिव्हरी कुठल्या विमानाची ते) बघा. तिथे आसोबो (गेम बनवणारी कंपनी) ए३२० निओ असं असेल, म्हणजे ती स्वतःला त्या घरची सून समजते. फ्लायबायवायरच्या विमानाचं फोल्डर-नाव वेगळं आहे, फ्लायबायवायर अंडरस्कोर ए३२० अंडरस्कोर निओ. तुम्ही ओळ बदलू शकता, पण टेक्स्चरच्या फोल्डरातल्या टेक्स्चर डॉट सीएफजीतले फॉलबॅकचे (इथे सापडलं नाही तर कुठे बघायचं ते) पत्तेही बदलावे लागतात आणि लेआउटची यादी नव्याने बनवावी लागते. यापेक्षा ज्या पानावरून उतरवलीत तिथेच "ए३२एनएक्स" लिहिलेली आवृत्ती आहे का बघा. इंडिगोची नक्की असेल. आधीची काढून टाका, मग ही टाका.

---

मिरजेची_आत्या

मिळाली. काढली, टाकली, दिसली. निळी झालीय.

वहीत लिहून ठेवलं. भाच्याचा पेपर सुटला की त्याला आधी जॉयस्टिकवरची लेबलं काढायची नाहीत एवढं सांगायचंय.

---

सोलापूर_टॉवर

पाचव्या फेरीत सापडला. झाडं.